लैंगिक आरोग्यशिक्षण : पालक व सांभाळकर्त्यांचा सहभाग

शोषण, बालविवाह, स्थलांतर किंवा अनाथपण यांमुळे जोखमीत असलेल्या किशोरवयीनांना शरीर, पाळी, संमती, गर्भधारणा व लैंगिक संबंधांतून होणारे आजार यांची माहिती देताना त्यांच्या घरच्या मोठ्या माणसांनाही तयार करण्याची पद्धती.

पूर्वपीठिका : र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. त्यांचा रोख प्रौढांवर होता. किशोरांसाठीचा शालेय कार्यक्रम २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी विरोधामुळे थांबवला. २०१४ पासूनचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम १० ते १९ वयोगटासाठी आहे. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांची ‘तारुण्यभान’ शिबिरे याच विषयाची आहेत.

सांभाळकर्ता कोण : जोखमीतील मुलांबाबत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मराठवाड्यातील ऊसतोड जोडपी हंगामात पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मागे राहिलेली मुले आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात असतात. वयात आलेली मुलगी एकटी कशी ठेवायची, या धास्तीने अनेकदा तिचे लग्न लवकर उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण महाराष्ट्रात २१.९ टक्के, तर बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के आढळले. आश्रमशाळेत अधीक्षिका आणि बालगृहात काळजीवाहक याच पालकाच्या जागी असतात. आईवडिलांपुरतीच सभा घेतली, तर ज्यांना गरज अधिक तीच मुले सुटतात.

कार्यपद्धती : पश्चिम केनियात एचआयव्हीच्या साथीच्या काळात रुजवलेला ‘फॅमिलीज मॅटर!’ कार्यक्रम हे सांभाळकर्त्यांना तयार करण्याचे ठळक उदाहरण. मूळ अमेरिकी कार्यक्रमावरून बेतलेल्या या सत्रांत ९ ते १२ वर्षांच्या मुलांचे सांभाळकर्ते आठवड्यातून एकदा जमतात. मुलांवर लक्ष कसे ठेवावे, त्यांचे कौतुक कसे करावे, हे आधी शिकवतात. लैंगिकतेविषयीचा संवाद त्यानंतर येतो. प्रश्नांची उत्तरे प्रत्यक्ष बोलून सरावली जातात. मूल लैंगिकदृष्ट्या सक्रिय होण्याआधीच बोलणे सुरू व्हावे, म्हणून हा वयोगट निवडलेला आहे. निरक्षर आजीलाही सामील होता यावे, यासाठी अशा सत्रांत चित्रे, गोष्टी व भूमिकानाट्य उपयोगी पडतात. मुलग्यांच्या वडिलांना बोलावणेही तितकेच आवश्यक असते.

कायदा व गोपनीयता : बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार (२०१२) १८ वर्षांखालील व्यक्तीची संमती ग्राह्य नसते आणि गुन्ह्याची माहिती असल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. अल्पवयीन मुलीच्या गर्भपातासाठी पालकाची लेखी संमती लागते. पोलिसांच्या भीतीने मुलींनी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले, की गर्भपातासाठी आलेली अल्पवयीन मुलगी व तिच्या पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करणे आवश्यक नाही. या तरतुदी सांभाळकर्त्यांना ठाऊक असणे हा प्रशिक्षणाचाच भाग ठरतो.

मर्यादा : अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर पालकसहभाग मुलाला धोक्यात टाकू शकतो. म्हणून पालकांची परवानगी ही माहिती मिळण्याची अट असू नये. मुलाला विश्वासाचे दुसरे माणूस आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक माहीत असला पाहिजे. सहभागाचा हेतू मुलावर पहारा वाढवणे हा नसून, अडचणीत सापडल्यावर न घाबरता सांगता येईल असे माणूस त्याच्याजवळ असावे, हा आहे.