कालो शब्द (स्पॅनिश बोलीतले)

स्पेनमधील हितानो, म्हणजे रोमा लोकांची बोली ‘कालो’ या नावाने ओळखली जाते. आजच्या स्पॅनिश गल्लीबोलीतले कितीतरी चलनी शब्द तिच्यातून आले आहेत. रोमा लोकांची मूळ भाषा रोमानी ही मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातली. कालोमध्ये तिचे शब्द उरले, व्याकरण मात्र स्पॅनिश झाले. धातूला ‘आर’ हा स्पॅनिश प्रत्यय लागला की क्रियापद तयार. त्यामुळे इतरांनाही हे शब्द उचलणे सोपे गेले.

यातले काही शब्द मराठी वाचकाला ओळखीचे वाटतील, आणि ती ओळख खरी आहे. ‘चाबाल’ (पोरगा) आणि ‘छावा’ एकाच प्राकृत शब्दाचे वंशज. ‘मांगार’ म्हणजे मूळचे मागणे. रस्त्यावर त्याचे ढापणे झाले. ‘पिरार्से’च्या (सटकणे) मागे ‘फिर’ आहे, ‘हामार’च्या (हादडणे) मागे ‘खा’. एखादी गोष्ट भारी वाटली की पोरे फोनवर ‘मोला’ असे लिहून मोकळी होतात. त्याचे नाते ‘मोल’शी. ‘कुर्रार’ (राबणे) आणि ‘चुंगो’ (वाईट, भानगडीचा) हेही रोजच्या वापरातले, पण त्यांचा मराठी भाऊबंद असा चटकन सापडत नाही.

‘चोरिथो’ची गंमत वेगळी. हे डुकराच्या मांसाच्या तिखट सॉसेजचे नाव. कालोतला ‘चोरो’ म्हणजे चोरच. उच्चाराच्या जवळिकीने भुरट्या चोराला चोरिथो म्हणू लागले आणि पुढे लाचखाऊ पुढाऱ्यालाही. पुढाऱ्यांविरुद्धच्या २०११ च्या आंदोलनात माद्रिदच्या चौकांत घोषणा घुमली : एवढ्या चोरिथोंना पुरेल इतका पावच नाही!

रोमा स्पेनमध्ये आले पंधराव्या शतकात. आरागॉनचा राजा पाचवा आल्फोन्सो याने १४२५ मध्ये त्यांच्या एका पुढाऱ्याला प्रवासाचा परवाना दिला होता. १४९९ पासून मात्र त्यांच्याविरुद्ध फर्माने निघू लागली. १७४९ च्या जुलैअखेरीस देशभर एकाच वेळी धरपकड होऊन सुमारे ९,००० जण कोंडले गेले. १७८३ च्या कायद्याने त्यांना इतर प्रजेच्या बरोबरीचे ठरवले, पण भाषा आणि पेहराव सोडण्याच्या अटीवर. भाषा खरोखरच विरली. शब्द तेवढे तुरुंगांत, बाजारांत आणि फ्लामेंकोच्या मैफिलींत तगले. एकोणिसाव्या शतकात अंदालुसियातल्या हौशी मंडळींनी कालोचे एवढे वेड घेतले की बनावट शब्दही रचले. त्या काळचे कालो कोश म्हणूनच जपून वापरावेत. हुकूमशहा फ्रांकोच्या राजवटीनंतर माद्रिदच्या तरुणांची, कालो शब्द मुरलेली ‘चेली’ ही बोली गाजली. फ्रान्सिस्को उम्ब्राल या लेखकाने १९८३ मध्ये तिचा कोश काढला. शब्दांना प्रतिष्ठा मिळाली, माणसांना तेवढी नाही : स्पॅनिश अकादमीच्या २०१४ च्या कोशातही ‘हितानो’चा एक अर्थ ‘लबाड’ असा होता. आक्षेपानंतर तो अपमानकारक असल्याची टीप जोडण्यात आली.

इंटरनेटवरची नवी भर मुख्यतः इंग्रजीची : ‘ब्रो’, ‘क्रिंज’, ‘रँडम’. तिच्या जोडीने कालोतले जुने शब्दही टिकून आहेत, बहुधा वापरणाऱ्याला त्यांचा उगम ठाऊक नसताना. अटलांटिकपलीकडेही ते पोचले. ब्वेनोस आइरेसच्या लुन्फार्दो बोलीत चोराला ‘चोर्रो’ म्हणतात, आणि पेरूमध्ये ‘चोरो’.