बुडालेल्या नदीचा माग : प्रस्तावना

एवढ्या मोठ्या पाण्यात क्रॅपी मासा बसतो तरी कुठे, हा त्याच्या गळमासेमारीत पाऊल टाकणाऱ्याचा पहिला प्रश्न, आणि तो रास्तच आहे. अमेरिकेत टेनेसी नदीवर १९४४ साली केंटकी धरण पुरं झालं आणि त्यामागे १८४ मैल लांबीचा, सुमारे १,६०,३०० एकरांचा जलाशय पसरला. शेजारच्या कंबरलँड नदीवर १९६६ मध्ये बार्कली धरण आलं. दोन्ही जलाशयांना जोडणाऱ्या पावणेदोन मैलांच्या कालव्याला दारं नाहीत. पाणी, बोटी आणि मासे बिनदिक्कत ये-जा करतात. आणि आपण शोधतोय तो मासा जेमतेम वीत-सव्वा वीत.

माझं उत्तर एका वाक्याचं आहे : तलाव बघू नका, नदी बघा.

पांढऱ्या क्रॅपीचं शास्त्रीय वर्णन रफिनेस्क नावाच्या अवलिया निसर्गअभ्यासकाने १८१८ मध्ये केलं, ओहायो नदीचे मासे धुंडाळताना. टेनेसी याच ओहायोला मिळते. तेव्हा या खोऱ्यात असलं धरण कुठलं? म्हणजे मासा मुळात नदीचा. जलाशय त्याच्या अंगावर नंतर आला. आजही तो जुन्या नदीच्या आणि तिला मिळणाऱ्या ओढ्यांच्या बुडालेल्या पात्रांना धरूनच फिरतो. पात्राची कड, दोन ओढ्यांचा संगम, वळणावरची खोल बाजू, बुडालेली खोडं : त्याचे रस्ते आणि मुक्काम हेच. धरणापूर्वीचा नकाशा मिळाला तर तो आधी मिळवा. केंटकी जलाशयाखाली बर्मिंगहॅम नावाचं अख्खं गाव गेलं आहे. मराठी वाचकाला हे नवं नाही. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, आणि पाण्याखालचा मुलूख कसा आहे ते लख्ख दिसतं.

क्रॅपी दोन जातींचा. पाठीच्या परावरचे काटे मोजायचे : पांढऱ्याला बहुधा सहा, काळ्याला सात-आठ. पांढरा गढूळ पाणी निभावून नेतो, काळ्याला निवळ पाणी आणि पाणवनस्पती मानवतात. जागा निवडताना हा फरक उपयोगी पडतो.

आता वर्षाचा फेरा. हिवाळ्यात मासा ओढ्यांच्या खोल पात्रात थव्याने थांबतो. पाणी साधारण १६ ते २० अंश सेल्सियसवर आलं की अंडी घालायला उथळ खाडीत शिरतो. तिथले गळवाले त्यासाठी डॉगवुडच्या फुलांकडे लक्ष ठेवतात. आपल्याकडे चढणीचे मासे पहिल्या पावसाच्या लोंढ्यावर निघतात, तर क्रॅपी पाण्याच्या उबेवर निघतो. नेमक्या याच काळात जलाशयही चढत असतो. पुराला जागा राहावी म्हणून हिवाळ्यात पातळी समुद्रसपाटीपासून ३५४ फुटांवर ठेवतात आणि एप्रिलभरात ती ३५९ फुटांवर नेतात. पाच फूट ऐकायला थोडे वाटतात. पण सपाट खाडीत तेवढ्याने पाण्याची कड कितीतरी आत सरकते. गेल्या आठवड्याची जागा या आठवड्यात फसते ती यामुळे. मासा हुकला नाही, पुढे गेला.

या चढउताराचा फायदा तिथल्या लोकांनी छान घेतला आहे. पाणी उतरलेलं असताना उघड्या पडलेल्या गाळात ते लाकडी खुंट दाटीने ठोकून ठेवतात. वसंतात खुंट बुडतात. लाकडावर शेवाळ धरतं, शेवाळापाशी बारीक जीव येतात, त्यांच्यामागे लहान मासे, आणि लहान माशांसाठी क्रॅपी. त्याचे डोळे वरच्या अंगाला असतात, खाणं तो वरून टिपतो. म्हणून आमिष त्याच्या डोक्यावर हवं, पोटाखाली गेलं की फुकट. ओठ कागदासारखे पातळ. झटका दिलात तर ओठ फाटतो आणि मासा जातो. हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर माझे पहिले चार-पाच मासे ताटात आले असते.

हल्ली सोनारच्या पडद्यावर थेट मासाच दिसतो. यंत्राला माझा विरोध नाही. पण पडदा मासा आज कुठे आहे ते दाखवतो. तो तिथे का आहे हे ज्याला कळतं, त्याला उद्याची जागाही सापडते. पुढची पानं त्या ‘का’साठी आहेत. मत्स्यशास्त्राची पदवी लागत नाही, चिकाटी लागते.

ती पानं उलटण्याआधी मात्र एक करा. तिकडे राहत असाल तर फेब्रुवारीत एक दिवस गळ घरी ठेवून केंटकी जलाशयाच्या ब्लड रिव्हर किंवा जोनाथन क्रीक खाडीच्या काठाने चालत जा. खुंट उघडे असतील, ओढ्याचं पात्र कुठून वळतं त्याचाही अंदाज येईल. वही सोबत असू द्या.