खाडीपल्याडची दुर्बीण
नेरूळच्या किनाऱ्यावरून समोर ट्रॉम्बेचे डोंगर दिसतात. पण 1973 साली वाशीचा खाडीपूल होईपर्यंत त्या बाजूला जायचं तर होडी तरी धरायची, नाहीतर ठाण्याचा वळसा घ्यायचा. सारसोळे, करावे, दारावे ही आगरी-कोळी गावं भात, मीठ आणि खाडीच्या मासळीवर जगत होती. परळचं कर्करोगाचं टाटा हॉस्पिटल 28 फेब्रुवारी 1941 रोजी सुरू झालं, तेही पाण्यापलीकडे. जेवण जाईनासं झालं की पित्त म्हणायचं आणि दिवस ढकलायचे.

या गावांच्या स्वयंपाकघरात पावसाळ्याची बेगमी म्हणून सुका जवळा, सोडे, बोंबील असत. जठराच्या कर्करोगाचा इतिहास वाचताना त्या डब्यांची आठवण होतेच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिका-युरोपात सर्वाधिक बळी घेणाऱ्या कर्करोगांत हा एक होता. मग कुठलंही खास औषध नसताना तो ओसरत गेला. घराघरांत फ्रिज आला, खारवलेलं मांस मागे पडलं, ताजी भाजी-फळं वर्षभर मिळू लागली, हे त्याचं एक मोठं कारण मानलं जातं. खारवलेली मासळी आणि लोणची भरपूर खाणाऱ्या जपान-कोरियात मात्र तो ठाण मांडून राहिला.

तरी आपल्या सुक्या मासळीवर थेट बोट ठेवणं अन्यायाचं होईल. मुंबईत 1963 पासून कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते, देशातली ती पहिली. तिच्यात या रोगाचं प्रमाण चेन्नईपेक्षा कमी आणि मिझोरमपेक्षा तर फारच कमी दिसतं. मिझोरममध्ये धुरावलेलं मांस खातात आणि तंबाखूच्या धुराचं पाणी तोंडात धरतात.

1982 साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा वाढवून दाखवला. कुणी मानेना, तेव्हा मार्शलने 1984 मध्ये तो स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगकारक ठरवलं, 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. भारतात हा जिवाणू असंख्य पोटांत आहे, पण कर्करोग होतो तो थोड्यांनाच. वर्षानुवर्षांची सूज, झिजत गेलेलं अस्तर, तंबाखू, खारट खाणं, घराण्यातला वारसा अशा गोष्टी एकत्र याव्या लागतात.

पोटात डोकावण्याची धडपड त्याहून जुनी. 1868 च्या सुमारास जर्मनीत कुसमाउल या डॉक्टरने तलवार गिळणाऱ्या कसरतपटूच्या घशातून सरळ नळी जठरात उतरवली. 29 जानेवारी 1881 रोजी व्हिएन्नात बिलरोथ या शल्यविशारदाने एका 43 वर्षांच्या बाईच्या जठराचा रोगट भाग यशस्वीपणे कापून काढला. बाई शस्त्रक्रियेतून वाचली, पण काही महिन्यांतच रोगाने तिला गाठलं. रोग जठराबाहेर पडलेला असला की कापून भागत नाही. तो आधी जवळच्या गाठींत, मग यकृतात आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरतो, कधी डाव्या गळपट्टीच्या हाडाच्या वर गाठ होऊन दिसतो. लवकर बघायचं तर वाकणारी नळी हवी होती. ती 1957 मध्ये हिर्शोविट्झ या डॉक्टरने वापरून दाखवली. जपानने पुढे अशा दुर्बिणीच्या जोरावर अगदी कोवळ्या अवस्थेतला रोग हुडकायला सुरुवात केली.

इकडे 1970 मध्ये नवी मुंबई वसवणारी सिडको आली, शेतं गेली, सेक्टर उभे राहिले. 1993 मध्ये लोकल नेरूळला पोचली आणि परळ कुर्ल्याला गाडी बदलण्याइतकं जवळ आलं. 2002 मध्ये टाटा स्मारक केंद्राचं संशोधन केंद्र खारघरला आलं. नेरूळमध्येच आता वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे.

खाडी आड येत नाही, तरी उशीर होतोच, कारण पित्ताची गोळी कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते. चार घासांत पोट भरणं, अन्नावरची वासना उडणं, कारण नसताना वजन उतरणं, शौचाला डांबरासारखं काळं होणं, रक्त कमी होऊन धाप लागणं, यातलं काहीही गोळीखाली महिनोन्‌महिने दबून राहतं. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख येतं, जठर येत नाही. त्यामुळे इथे दुर्बीण आत जाते ती रुग्णाने किंवा त्याच्या डॉक्टरने मनावर घेतलं तरच. उपाशीपोटी जायचं, घशात बधिर करणारा फवारा, काही मिनिटांची तपासणी, संशयाच्या जागेचे दोन-चार कण काढून बायोप्सीला. मग अहवालाची वाट बघायची.