उदगीरहून 2075 ला

तू उदगीरच्या किल्ल्यावर उभी आहेस. साल 2026, तू दहावीत. इथे 1760 च्या फेब्रुवारीत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं. पण आज मागे जायचं नाही, पुढे जायचंय.

किल्ला मध्यावर धर आणि भोवती 91 किलोमीटर घेराचं वर्तुळ काढ. देवणीला निघ नाहीतर जळकोटला, पोचण्याआधी ते ओलांडावंच लागेल. एवढ्या घेराचा बोगदा जिनिव्हाच्या परिसरात, जमिनीखाली सरासरी 200 मीटरवर खणायचा सर्न या संस्थेचा बेत आहे.

2047. लिफ्ट तुला खाली सोडते. लांबच लांब नळीत इलेक्ट्रॉन आणि त्यांचे प्रतिकण पॉझिट्रॉन एकमेकांवर धावून जाताहेत. 2012 मध्ये हिग्ज बोसॉन हा कण सापडल्याचं जाहीर झालं, तो 27 किलोमीटरच्या जुन्या कोलायडरमध्ये (कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रात), प्रोटॉनच्या टकरींतून. त्या यंत्राची अवजड चुंबकं भारतात बनलेल्या जॅकवर टेकलेली होती. पण प्रोटॉन म्हणजे क्वार्क आणि ग्लुऑन या कणांनी भरलेली गोणी; दोन गोण्या आपटल्या की काय कशावर आदळलं ते निवडत बसावं लागतं. इलेक्ट्रॉनच्या पोटात, आजवर कळलंय तेवढ्यावरून, काही नाही. टक्कर स्वच्छ, म्हणून हिग्जची मोजदाद चोख. अडचण एकच: वळताना इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या रूपात ऊर्जा उधळतो. वळण जितकं पसरट, तितकी उधळपट्टी कमी. घेर एवढा मोठा तो यासाठी. पडद्यावरचे आलेख तुझ्या हातचे आहेत; तू छत्तीसची झालीस.

2075. इलेक्ट्रॉनचं यंत्र काढून त्याच बोगद्यात प्रोटॉनचं बसवलंय, जुन्याच्या सहा-सातपट ऊर्जेचं. सर्नला हे नवं नाही: जुन्या बोगद्यात 1989 ते 2000 इलेक्ट्रॉन फिरले, 2008 पासून प्रोटॉन. तू चौसष्टची आहेस. तुझ्या मोजणीतून ज्या शंका निघाल्या, त्यांची उत्तरं 2026 मध्ये शाळेतही नसलेली कुणीतरी शोधणार.

आता 2028 मध्ये थांबू, कारण सगळं तिथेच अडलंय. बोगदा आणि इलेक्ट्रॉनचं यंत्र या पहिल्या टप्प्याचा अंदाजे खर्च 15 अब्ज स्विस फ्रँक. होकार द्यायचा की नकार, हे त्या सुमाराला सदस्य देश ठरवतील. भारत 2017 पासून सहयोगी सदस्य आहे, त्यामुळे मत नाही. पण भारतीयांना तिथल्या नोकरीसाठी अर्ज करता येतो. त्या वर्षी तू बारावीत असशील. होकार आला तर 2047 ची वाट खुली. नकार आला तर तू आत्ता उतरलीस ती लिफ्ट बांधलीच जाणार नाही.