नालबंदी

‘नाल’ आणि ‘नाळ’ ही एकाच झाडाची फळं वाटतात. तशी ती नाहीत. नाळ संस्कृतातली. नाल मात्र अरबी ‘नअ्ल’वरून, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. मूळ अर्थ पायताण, वहाण. थोडक्यात, घोडा वहाणा घालतो! त्या बांधणारा (फारसी ‘बंद’) तो नालबंद, आणि हे आडनाव आजही आपल्याकडे आहे.

बांधतो म्हटलं तरी तो ठोकतोच. घोड्याचा पाय उचलून गुडघ्यांत धरायचा, वाढलेलं खूर तासायचं, कानस मारून तळ सपाट करायचा, मग खिळे. खुराचं बाहेरचं कवच आपल्या नखासारखं निर्जीव, त्यामुळे दुखत नाही. पण खिळा जरा आत वळला की घोडा लंगडलाच. खिळ्यांची बाहेर आलेली टोकं मोडून कवचावर दुमडतात. खूर वाढतच राहतं, म्हणून सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा तेच. बैलाचं खूर दुभंगलेलं, त्यामुळे त्याला एका पायाला दोन पत्र्या. शिवाय त्याला दोराने आडवं पाडावं लागतं.

‘नालबंदी’ची खरी गंमत दफ्तरांत आहे. मराठेशाहीत स्वतःचं घोडं घेऊन चाकरीला येणाऱ्या शिलेदाराला तयारीसाठी आगाऊ रक्कम मिळे, तिचंही नाव नालबंदी. नालेच्या नावावर अख्ख्या स्वारीचा खर्च! शब्द एवढ्यावर थांबत नाही: तालमीत पैलवान जो जड दगड उचलतात तीही नालच, आणि मोहरमाच्या मिरवणुकीत नालेच्या आकाराचे निघतात ते नालसाहेब.