वाचलेलं पान मोजायचं कसं?

जुलै 2014 मध्ये अ‍ॅमेझॉनचं किंडल अनलिमिटेड आलं. वाचकाने पुस्तकाचा 10 टक्के भाग ओलांडला की लेखकाला पैसे. साहजिकच छोटी पुस्तकं वाढली. जुलै 2015 पासून हिशोब पानांवर आला, तशी पुस्तकं फुगली. काहींनी सुरुवातीलाच थेट शेवटाकडे नेणारी लिंक ठेवली. यंत्रणेला वाचक कुठवर पोहोचला एवढंच कळत होतं. पैसे एकाच निधीतून वाटले जात, म्हणजे फटका प्रामाणिक लेखकांना. 2016 मध्ये एका वाचकामागे पुस्तकाची जास्तीत जास्त 3000 पानं धरायचं ठरलं.

जाहिरातीचा रिपोर्टही असाच तपासावा. क्लिकचा खर्च लगेच दिसतो, पानं मात्र पुढे कित्येक दिवस वाचली जातात. नुसती विक्री बघून जाहिरात बंद केली, तर पुस्तक आत्ता वाचत असलेला वाचक हिशोबात येतच नाही.