गेम कन्सोल : नव्या यंत्राबाबत निर्मात्यांची सावधगिरी

टीव्हीला जोडून किंवा हातात धरून खेळायचे, गेमसाठीच बनवलेले यंत्र म्हणजे कन्सोल. नवा कन्सोल आला की बहुतेक स्टुडिओ त्यासाठी लगेच गेम काढत नाहीत. तो किती घरांत पोहोचतो ते आधी पाहतात. गेम थोडे म्हणून यंत्र खपत नाही आणि यंत्र खपत नाही म्हणून गेम येत नाहीत, असा हा पेच आहे. निंटेंडोचा वी यू (२०१२) त्यातच अडकला. बाहेरच्या मोठ्या निर्मात्यांनी लवकरच हात आखडता घेतला आणि विक्री सुमारे १.३६ कोटींवर थांबली. त्याच कंपनीच्या स्विचने (२०१७) पुढे १५ कोटींचा टप्पा ओलांडला.

या सावधगिरीला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. नव्या यंत्रासाठी डेव्हलपमेंट किट, म्हणजे गेम बनवून तपासण्यासाठीचा खास संच, मिळवावे लागते, गोपनीयतेचे करार करावे लागतात आणि कंपनीच्या तांत्रिक चाचण्यांत गेम उतरावा लागतो. यंत्राची रचना निराळी असेल तर कोडही नव्याने बेतावा लागतो. सोनीच्या प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरने (२००६) अनुभवी निर्मात्यांनाही जेरीस आणले होते. युनिटी आणि अनरियल या गेम बनवण्याच्या तयार इंजिनांमुळे हे काम पुष्कळ हलके झाले, तरी चाचणीचा आणि पुढच्या देखभालीचा खर्च उरतोच. मोठी कंपनी एखादा फसलेला गेम पचवते. दहा-पंधरा जणांचा स्टुडिओ त्यात बंद पडू शकतो.

महाराष्ट्रातले बोलके उदाहरण पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचे. श्रुती घोष, अविचल सिंग आणि इयान मॉड यांच्या या स्टुडिओने 'राजी : ॲन एन्शन्ट एपिक'साठी २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली, पण ठरलेली रक्कम जमली नाही. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी राजी, पहाडी लघुचित्रांसारखी दृश्ये आणि कथा सांगणाऱ्या सावल्यांच्या बाहुल्या असा या गेमचा थाट आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तो सर्वांत आधी स्विचवर आला. पीसी, प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर ऑक्टोबरमध्ये. तोवर स्विच तीन वर्षांचा झाला होता आणि ६ कोटींहून अधिक विकला गेला होता, म्हणजे ग्राहक किती याचा प्रश्न सुटलेला होता. यंत्राच्या मर्यादा मात्र होत्याच : प्लेस्टेशन ४ ची मेमरी ८ जीबी, स्विचची ४. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये पदार्पणाच्या गेमसाठी 'राजी'ला नामांकन मिळाले.

निंटेंडोने स्विच भारतात अधिकृतपणे विकायला आणलाच नव्हता. पहिल्या आठवड्यांत नाशिकच्या एखाद्या मुलीला 'राजी' खेळायचा असता, तर बाहेरून आलेला, बहुधा महागडा आणि इथल्या वॉरंटीविना विकला जाणारा स्विच शोधावा लागला असता. भारतीय मातीतल्या कथेचे गिऱ्हाईक अशा रीतीने प्रामुख्याने परदेशात होते. भारतात बहुसंख्य लोक मोबाइलवरच खेळतात. त्यामुळे पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' हा बॅटल रॉयाल गेम २०२४ मध्ये आधी मोबाइलवर आणला. देशी कन्सोल-बाजार लहान असेल तोवर इथल्या स्टुडिओची सावधगिरी अमेरिका-जपानमधल्यांपेक्षा जास्त असणार, आणि ती रास्तही आहे.

ही सावधगिरी उपदेशाने जात नाही. जोखीम यंत्र विकणाऱ्याने वाटून घेतली तर कमी होते. सोनीने २०२३ मध्ये जाहीर केलेला 'इंडिया हीरो प्रोजेक्ट' निवडक भारतीय स्टुडिओंना निधी, किट आणि मार्गदर्शन देतो; मुंबईच्या अंडरडॉग्ज स्टुडिओचा 'मुक्ती' हा त्यातला एक गेम.